पाळीचा दाब, तारेतला दाब

उन्हाळी धानाचे दिवस. दुपारचे दोन. गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावाबाहेर, रोहित्रापासून लांबच्या टोकाला असलेल्या शेतात कृषिपंप घरघरतो आहे. त्याचा आवाज नेहमीपेक्षा जड आहे, पाण्याची धार बारीक आहे. बांधावर बसलेला शेतकरी मोटरीच्या अंगाला हात लावून पाहतो आणि म्हणतो, "आज करंट कमी आहे. मोटर जळते आता."

जळण्याची भीती खरी आहे, कारण मात्र उलटे आहे. त्या वेळी करंट कमी नसतो, वाढलेला असतो. कमी झालेला असतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज. याच शेतकऱ्याची मुलगी नववीत आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातले पहिले तीन धडे आहेत गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, आणि धाराविद्युत. ओहमचा नियम ती न अडखळता म्हणून दाखवते. पण मोटर का तापली हे ती वडिलांना सांगू शकत नाही, आणि वडिलांचा हात ज्या तापलेल्या लोखंडावर आहे ते आपल्या धड्यातले उदाहरण आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. धडा आणि शेत यांच्यामधले हे अंतर आजचे नाही. ते कसे पडले हे पाहायचे तर तीनशे वर्षे मागे, तळ्याच्या पाळीवर जावे लागेल.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण इथली तळी जिल्ह्यापेक्षा, महाराष्ट्रापेक्षा आणि इंग्रजी राज्यापेक्षाही जुनी आहेत. आज कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलताना मामा तलाव. गोंदियात त्यांची संख्या हजाराच्या वर आहे, आणि शेताशेतांतल्या छोट्या बोड्या त्यात धरलेल्या नाहीत. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तळी बांधण्याचे काम हाती घेतले असे परंपरा सांगते. नवेगावबांधचे विस्तीर्ण तळे कोलू पाटील कोहळी यांचे मानले जाते. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि पाळ बांधताना त्या बहिणींनी मदत केली अशी कथा आहे. मला ही कथा फार शहाणपणाची वाटते. टेकड्यांनी मदत केलीच होती. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरून तिथेच पाळ घातली, म्हणून थोड्या मातीत मोठे पाणी अडले.

आता ही पाळ जवळून पाहा. माथ्यावर बैलगाडी जाईल एवढी रुंदी, आणि खाली उतरत जाल तशी ती पसरत जाते. तळाशी माथ्याच्या कितीतरी पट. असे का? पाणी सहा मीटर खोल असेल तर तळाशी दर चौरस मीटरवर ते सुमारे सहा टन वजनाएवढा जोर लावते. पृष्ठभागाजवळ हा जोर जवळजवळ शून्य असतो. वरपासून खालपर्यंत सगळा मिळून, पाळीच्या एका मीटर लांबीवर अठरा टन होतो. खोली दुप्पट करून बारा मीटर केली की तो छत्तीसवर थांबत नाही, चौपट होऊन बहात्तर टनांपर्यंत जातो. म्हणून पाळ उंच करणे म्हणजे वर चार टोपल्या माती टाकणे नव्हे. उंची वाढली की पायाही पसरावा लागतो. ज्यांनी हे सूत्र कधी लिहिले नाही त्यांनी ते मातीत बांधून ठेवले आहे, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावरून गाड्या हाकल्या आहेत.

यात एक गोष्ट आणखी आहे, आणि माझ्या मते शाळेतल्या सगळ्या भौतिकशास्त्रात तीच सर्वांत महत्त्वाची. तळाशी किती जोर येईल हे पाण्याच्या खोलीवर ठरते, पाण्याच्या साठ्यावर नाही. दहा चौरस किलोमीटरांहून मोठ्या नवेगावबांधच्या तळ्यात सहा मीटर खोलीवर जो दाब आहे, तोच दाब गावामागच्या सहा मीटर खोल बोडीत आहे. मन हे पटकन मानायला तयार होत नाही. एवढे प्रचंड पाणी जास्त ढकलत असणारच, असे वाटते. युरोपात ही गोष्ट १५८६ साली सायमन स्टेव्हिनने स्वच्छ मांडली. स्टेव्हिन नेदरलँड्सचा, म्हणजे समुद्र बंधाऱ्यांनी मागे रोखून धरलेल्या देशाचा अभियंता. पाण्याच्या दाबाचे कोडे तिथल्या माणसाने सोडवावे यात नवल नाही. पण त्याने आणखी एक काम केले ते आपल्या कामाचे आहे. विद्वानांची लॅटिन बाजूला ठेवून त्याने हे शास्त्र आपल्या डच भाषेत लिहिले, आणि त्यासाठी लागणारे शब्द लोकांच्या बोलीतून घडवले. त्याचे काही शब्द डच मुले आजही शाळेत वापरतात.

आपल्याकडे पाळ बांधणारे होते. शब्द घडवणारेही होते. पण दोघांची गाठ पडली नाही.

मराठीत भौतिकशास्त्राचे पुस्तक आले ते १८३०च्या दशकात, मुंबईत. हरी केशवजींनी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद लिहिले. पदार्थविज्ञान हे नाव पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ शाळांत टिकले. त्या वेळी भंडारा-गोंदियाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८५४ साली तो कंपनी सरकारने घेतला आणि पुढे मध्यप्रांतात गेला. इथे मुंबईची पुस्तके उशिरा आली आणि तीही तुरळक. गोंदियात न्यूटनचे नियम पुस्तकाआधी रुळांवरून आले.

१८८०च्या दशकात नागपूरहून राजनांदगावला मीटरगेज रेल्वे झाली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि ब्रॉडगेज केली. पुढच्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून एक नॅरोगेज फाटा जबलपूरच्या दिशेने आणि दुसरा नागभीडच्या दिशेने गेला, आणि गोंदिया जंक्शन झाले. सालेकशाच्या पुढे दरेकसाला गाडी डोंगर चढते आणि बोगद्यातून जाते. माघ पौर्णिमेला कचारगडला जाणारे गोंड यात्रेकरू याच स्टेशनवर उतरतात. जवळच हाजरा धबधबा आहे. एकाच डोंगरावर पाणी खाली येताना ऊर्जा देत असते आणि गाडी वर जाताना ती ऊर्जा मागत असते. समजा चढ शंभराला एक आहे आणि मालगाडी चार हजार टनांची. मग घर्षण बाजूला ठेवले तरी तिला मागे ओढणारा जोर चाळीस टन वजनाएवढा होतो. म्हणून जड गाडीला घाटात मागून आणखी एक इंजिन लावून ढकलावे लागते. खिडकीतून हे बघत मोठी झालेली मुले उतरणीवरच्या ठोकळ्याची गणिते सोडवतात, आणि ठोकळा म्हणजे काय हे मात्र पुस्तकातल्या चित्रावरून ओळखतात.

स्टेशनाभोवती धानाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीत सोलाईचे रबरी रूळ जोडीने फिरतात, पण सारख्या वेगाने नाही. एक जलद, एक सावकाश. त्यांच्या फटीत सापडलेल्या धानाच्या दाण्याची एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते, आणि टरफल फाटून निघते. घर्षणाला शाळेत नेहमी दोष म्हणून शिकवतात. गोंदियाचे पोट घर्षणावर चालते.

शब्दांकडे परत येतो, कारण खरी अडचण तिथे आहे.

स्वातंत्र्याच्या आसपास डॉ. रघुवीरांनी नागपुरात बसून शास्त्रीय परिभाषेचे प्रचंड काम केले. मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारचा त्याला पाठिंबा होता. हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या या प्रांताला सामाईक शब्द हवे होते, आणि सामाईक शब्द संस्कृतातून घ्यायचे असे ठरले. त्या कामाचा मी आदर करतो. इंग्रजीवाचून विज्ञान शिकता येईल हा विश्वास त्यातून आला. पण संस्कृत धातूंपासून घडवलेला शब्द नेमका असला तरी तो कुणाच्या हातात बसेलच असे नाही. १९५६ साली हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि सगळ्या राज्याला एक पुस्तक मिळाले. त्याआधीच, १९५८ साली, मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली होती आणि या मागास मानल्या गेलेल्या पट्ट्यात खेडोपाडी शाळा नेल्या होत्या. शाळा आली, पुस्तक आले. पण जे मूल घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली बोलते, त्याच्यासाठी त्वरण, संवेग आणि विभवांतर हे शब्द इंग्रजीइतकेच दूरचे होते.

शब्द नुसता अवघड असता तर हरकत नव्हती. मुले अवघड शब्द पाठ करतात. जास्त गोंधळ सोप्या शब्दांनी होतो. पुस्तकातले 'कार्य' म्हणजे बल गुणिले विस्थापन. घरात कार्य म्हणजे लग्न. धानाचे पोते डोक्यावर घेऊन जागच्या जागी उभा असलेला हमाल पुस्तकाच्या हिशेबात त्या पोत्यावर काहीच कार्य करत नाही, हे मुलाला अन्याय वाटते, आणि त्याचे वाटणे चूक नाही. आधी त्याच्या 'काम' या शब्दाचा मान ठेवून मगच भौतिकशास्त्राचा अर्थ वेगळा करून दाखवावा लागतो. 'शक्ती'चेही तसेच. बोलताना जोर, ताकद, शक्ती, दम हे सगळे एकच. पुस्तकात बल वेगळे, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. माणसाला विज्ञानाने दिलेली मोठी देणगी हीच वेगळेपणाची आहे, आणि आपण ती व्याख्यांच्या रकान्यात उरकून टाकतो.

विभवांतर हा शब्द तर मला कायम खटकत आला आहे. तो चुकीचा नाही, शास्त्रशुद्ध आहे. पण आपल्याजवळ त्याहून चांगला शब्द होता आणि आहे. मराठी विश्वकोशाने 'विद्युत् दाब' लिहिले. वीज कंपनीचे लोक आजही उच्चदाब वाहिनी आणि लघुदाब ग्राहक म्हणतात. गावातल्या वायरमनच्या तोंडी आणि विजेच्या खात्याच्या कागदांवर जो शब्द जिवंत आहे, तोच शाळेच्या पुस्तकातून मागे पडला. आठवीच्या पुस्तकात 'बल व दाब' असा धडा आहे, त्यात पाण्याचा दाब शिकवला जातो. पुढे विजेचा दाब येतो तेव्हा त्याचे नाव बदललेले असते. दोन्हींचे नाव एकच राहिले असते तर तळ्याच्या पाळीवर वाढलेल्या मुलीने अर्धा धडा स्वतःच समजून घेतला असता.

कसा, ते सांगतो. तळ्यात पाणी किती हा एक प्रश्न, ते किती दाबाने येते हा दुसरा, आणि मोरीतून दर मिनिटाला किती वाहते हा तिसरा. विजेत यांचीच जोडपी आहेत. विद्युत प्रभार म्हणजे पाणी, दाब म्हणजे उंचीचा फरक, आणि धारा म्हणजे मोरीतून वाहणारे पाणी. मोरी जितकी अरुंद आणि लांब तितका रोध जास्त. १८२७ साली गेऑर्ग ओहमने आपला नियम प्रसिद्ध केला तेव्हा तो जर्मनीतल्या एका माध्यमिक शाळेतला शिक्षक होता. तारांचे मोजमाप त्याने शाळेतल्या उपकरणांवर आणि स्वतः बनवलेल्या साधनांवर केले, आणि उष्णता कशी वाहते यावरून वीज कशी वाहत असेल हे ताडले. माहीत असलेल्या प्रवाहावरून माहीत नसलेल्या प्रवाहाकडे जाण्याचा हा मार्ग शाळामास्तरचा आहे. अर्थात तळ्याची उपमा एका ठिकाणी सोडून द्यावी लागते. नळ फुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर धारा थांबते. तेही मुलांना सांगावे. उपमा कुठे मोडते हे कळणे हाही विज्ञानाचाच भाग आहे.

आता तिरोड्याकडे पाहा. २०१२ ते २०१४ या काळात तिथे अदानी समूहाच्या औष्णिक वीज केंद्राचे ६६० मेगावॅटचे पाच संच सुरू झाले. एकूण ३,३०० मेगावॅट. वैनगंगेचे पाणी आणि रेल्वेने येणारा कोळसा. ही वीज ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून कोराडी, अकोला, छत्रपती संभाजीनगर अशी पश्चिमेकडे जाते. इतका दाब कशासाठी? हिशेब नववीतल्या मुलीला जमण्यासारखा आहे. ६६० मेगावॅट वीज ७६५ किलोव्होल्टने नेली तर तारेत सुमारे ५०० अँपिअर धारा लागते. तीच वीज गावात येणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या दाबाने न्यायची म्हटली तर सुमारे ३४,६०० अँपिअर. तारेत उष्णता म्हणून वाया जाणारी ऊर्जा धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे त्याच तारेत नुकसान जवळपास ४,८०० पट. दाब वाढवला म्हणून गोंदियाची वीज शेकडो किलोमीटर जाऊ शकते. तिरोड्याच्या वाहिन्यांखालून सायकलने शाळेत जाणारी मुले आहेत. त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याच पुस्तकाचा तिसरा धडा जातो आहे.

आणि मुलांना ऊर्जेची किंमत कळावी म्हणून एक आकडा. एक घनमीटर पाणी दहा मीटर खाली आले तर ९८,००० ज्यूल ऊर्जा देते. घरच्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटसाठी सुमारे ३७ घनमीटर पाणी, ३७ हजार लिटर, दहा मीटर खाली सोडावे लागेल, तेही काही वाया जात नाही असे धरून. हे एकदा केले की मुलाला दिवा उगाच चालू ठेवू नको असे सांगावे लागत नाही.

सुरुवातीच्या पंपाकडे येतो. पाच अश्वशक्तीची मोटर म्हणजे ३,७३० वॅट. विहिरीतून तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर न्यायचे असते. पाण्याला तारेतल्या दाबाशी देणेघेणे नाही. दाब उतरला तरी मोटर आपले काम पुरे करू पाहते, आणि दाबाची तूट धारा वाढवून भरते. धारा सव्वापट झाली की गुंडाळीतली उष्णता दीडपटीहून जास्त होते. तांब्याच्या तारेवरचे आवरण करपते, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर मोटर बांधून तालुक्याला न्यावी लागते. ओहमचा नियम पाठ असलेले मूल इथे हमखास चुकते, कारण नियमाप्रमाणे दाब कमी झाला तर धारा कमी व्हायला हवी. मोटर ही साधी तार नाही, हे मोटरच्या शेजारी उभे राहूनच समजते.

याहून गंभीर गोष्ट आहे. रानडुकरे पीक खातात म्हणून विदर्भात शेताच्या कुंपणात वीज सोडली जाते, आणि त्यात जनावरे मरतात, वाघ मरतात, माणसे मरतात. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० व्होल्टला भागा: पाव अँपिअरच्या जवळ. हृदय बंद पडायला याच्या निम्म्याहून कमी पुरते. रोवणीच्या दिवसांत बांधीत पाणी असते, पाय अनवाणी असतात. हे गणित सोडवायला नववीची हुशारी लागत नाही, नववीत ते कोणीतरी फळ्यावर मांडायला हवे. जे शिक्षण एवढे सांगत नाही त्याने ओहमचा नियम शिकवला असे मी मानत नाही.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेली आणि तळी सरकारकडे आली. गावाचे त्यांच्याशी असलेले रोजचे नाते सैल झाले, अनेक तळ्यांत गाळ साचला, आणि पाळ कशी राखायची हे ज्ञान म्हाताऱ्या माणसांपुरते उरले. ते ज्ञान शाळेने उचलायला हवे होते. शाळा मात्र त्याच काळात अभ्यासक्रम पुरा करण्याच्या आणि निकाल लावण्याच्या घाईत होती. प्रयोगशाळेला खोली नाही, उपकरणे कपाटात कुलूपबंद, असे शिक्षक सांगतात तेव्हा ते खरे सांगतात. पण या जिल्ह्यात सर्वांत चांगली प्रयोगशाळा कुलपात ठेवता येत नाही.

म्हणून बालभारतीला माझी विनंती आहे की नव्या पुस्तकात 'विभवांतर' राहू द्या, पण त्याच्या शेजारी 'विद्युत दाब' छापा, आणि उत्तरपत्रिकेत दोन्हींना पूर्ण गुण द्या. वीज केंद्राला, उपकेंद्रांना, गिरणीमालकांना विनंती आहे की वर्षातून एक दिवस सुरक्षित अंतरावरून शाळेला आत येऊ द्या आणि बोलायला व्यवस्थापकाऐवजी फिटरला पुढे करा.

आणि गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावच्या विज्ञान शिक्षकांना: दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा तळ्यांत पाणी असते. दोरी, काठी आणि वही घेऊन नववीचा वर्ग गावच्या पाळीवर न्या. माथ्याची रुंदी मोजा, पाण्याकडचा उतार दुरूनच पाहा, कोरड्या बाजूने खाली उतरून पायथ्याची रुंदी मोजा. गावातल्या ज्या म्हाताऱ्याने पाळीवर माती टाकली असेल त्याला सोबत बोलवा. मग मुलांना एकच प्रश्न विचारा, पाळ खाली रुंद का आहे? आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका.